स्वमग्न मुलांचे वर्तनोपचार : घरी होणाऱ्या या चुका टाळा

थेरपी सुरू होऊन तीन महिने झाले तरी मूल किंचाळते, वस्तू फेकते, अशी तक्रार पालक करतात, तेव्हा बहुतेक वेळा कारण न शोधताच वर्तन थांबवण्याची घाई झालेली असते. पाच वर्षांचा एक मुलगा जेवताना ताट ढकलून देई आणि घरच्यांना तो हट्ट वाटे. आधी काय घडले, त्याने काय केले आणि नंतर आपण काय केले, असे तीन रकाने आखून आईने आठवडाभर नोंद ठेवली, तेव्हा लक्षात आले की भातावर वरण कालवलेले असले तरच ताट ढकलले जाते. वरण वाटीत वेगळे दिले की तो मुकाट्याने जेवतो.

दुसरी चूक म्हणजे मूल किंचाळल्यावर हातात मोबाइल देणे, कारण त्यातून किंचाळले की हवे ते मिळते, हेच ते शिकते. मोबाइल द्यायचाच असेल, तर चित्रकार्ड दाखवून किंवा ‘दे’ म्हणून मागितल्यावर लगेच द्यावा. किंचाळण्याला दाद देणे बंद केले की सुरुवातीला ते बरेचदा वाढते, आणि नेमके तेव्हाच आजी-आजोबांना राहवत नाही. म्हणून घरातील सर्वांचे आधीच एकमत हवे. मूल स्वतःला इजा करत असेल, तर मात्र हा प्रयोग थेरपिस्टशिवाय करू नये.

हात फडफडवणे बंद करायला लावणे किंवा हनुवटी धरून नजरेला नजर द्यायला लावणे मला मुळीच मान्य नाही. ज्याने कोणाला इजा होत नाही आणि मुलाला शांत वाटते, ते हिरावून घेऊ नये. आठवड्याला ४० तास थेरपी हवी, हा आकडा पालकांना आजही ऐकवला जातो. तो अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ इव्हार लोव्हास यांच्या १९८७ सालच्या अभ्यासामुळे रूढ झाला, परंतु त्या अभ्यासात मुलांवर ओरडणे आणि प्रसंगी मांडीवर चापट मारणेही होते, हे सहसा सांगितले जात नाही. तासांचे गणित मुलाची झोप, खेळ आणि थकवा पाहूनच ठरवावे.

शाबासकी कृती होताच द्यावी, आणि हात धरून शिकवलेल्या कामातील आपला आधार हळूहळू काढून घ्यावा.

बोलू न शकणारे मूल अचानक डोके आपटू लागले किंवा रात्री जागू लागले, तर थेरपी बदलण्याआधी बालरोगतज्ज्ञांकडून त्याचे कान, दात आणि पोट तपासून घ्यावे.