उन्हाळ्यात जुनी मराठी पुस्तकं वाचायची आहेत? यादी करताना या चुका टाळा

जुन्या पुस्तकांची यादी मार्चअखेरीस मोठ्या हौसेने होते आणि मेच्या मध्यावर अडते. दोष बहुधा आळसाचा नसतो. यादीत नुसती नावं असतात. कोणती आवृत्ती, किती पानं, प्रत कुठे आणि कोणत्या अवस्थेत, यातलं काहीच ठरलेलं नसतं. नव्या पुस्तकाला नाव पुरतं, शंभर वर्षांपूर्वीच्या पुस्तकाला पुरत नाही.

नाव लिहिलं, आवृत्ती लिहिली नाही

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’ घ्या. १८५७च्या धामधुमीत उत्तरेत फिरलेल्या वरसईच्या भटजींचा हा वृत्तांत चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ साली छापला, पण मजकुरात फेरफार करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम संहिता दत्तो वामन पोतदारांनी १९६६मध्ये प्रसिद्ध केली. बाजारात दोन्ही परंपरांच्या प्रती फिरतात आणि मुखपृष्ठावरून फरक कळत नाही. प्रस्तावना उघडा आणि संहिता कोणाची ते पाहा. तिथे काहीच लिहिलेलं नसेल तर ती प्रत बाजूला ठेवा.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ची संक्षिप्त आवृत्तीही मिळते. पहिल्या वाचनाला ती चालेल, पण संपूर्ण समजून संक्षिप्त आणली तर जे गाळलं त्याचा पत्ताच लागत नाही. ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुषतुलना’चं (१८८२) उलट आहे. मूळ निबंध एका दुपारचा, पण नव्या आवृत्त्यांना मोठी प्रस्तावना असते. आधी निबंध वाचा, प्रस्तावना मागाहून.

म्हणून वहीत प्रत्येक नावापुढे चार गोष्टी हव्यात: संपादक, आवृत्तीचं वर्ष, पानं आणि प्रत मिळण्याचं ठिकाण. मुखपृष्ठामागे शक असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळवा. शके १८१५ म्हणजे १८९३. जानेवारी ते पाडव्यापर्यंतच्या तारखांना ७९ मिळवायचे.

पानांचा हिशेब नव्या पुस्तकांच्या वेगाने केला

जुना छाप दाट, वाक्यं लांब, परिच्छेद दीड-दीड पानाचे. यादी पक्की करण्याआधी त्यातल्याच एखाद्या पुस्तकाची दहा पानं घड्याळ लावून वाचा. समजा तासाला २० पानं झाली. रोजची ४० मिनिटं धरली तर ४५ दिवसांत ३० तास, म्हणजे ६०० पानं. त्यातली शंभर लग्नं, प्रवास आणि पाहुण्यांसाठी सोडा. उरलेल्या पाचशेंत एक मोठं आणि दोन-तीन छोटी पुस्तकं बसतात. बारा नावांची यादी इथेच कोसळते.

मोठं पुस्तक कसं वाचायचं हेही आधी ठरवा. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आली. आठवड्याचं अंतर ठेवून वाचणाऱ्यांसाठी ती लिहिलेली आहे, त्यामुळे सलग शंभर पानं ओढली की निवेदन पसरट वाटू लागतं आणि पुस्तक सुटतं. दिवसाला एक-दोन प्रकरणंच वाचा. यमूची गोष्ट तशीच मनात मुरते. जोडीला विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’सारखं (१९३९) आटोपशीर पुस्तक ठेवा. सगळी एकोणिसाव्या शतकातली किंवा सगळी सामाजिक कादंबरीच, अशी यादी करू नये. दुसऱ्या पुस्तकापासून कंटाळा येतो.

जुनी प्रत घेताना फर्मे तपासले नाहीत

अप्पा बळवंत चौकात किंवा फोर्टच्या पदपथावर प्रत हातात आली की आपण पहिलं आणि शेवटचं पान बघतो. गळती बहुतेक वेळा मधेच असते. पुस्तक फर्म्यांत, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्यांत, छापतात, आणि पुष्कळ जुनी पुस्तकं सोळापेजी, म्हणजे फर्म्याला सोळा पानांची, असतात. बांधणी सैल झाली की अख्खा फर्मा निखळतो किंवा पुन्हा बांधताना उलटसुलट बसतो. म्हणून १६-१७, ३२-३३, ४८-४९ असे सांधे उघडून क्रमांक जुळतात का पाहा. आठपेजी असेल तर सांधा दर आठ पानांनी. काही पुस्तकांत फर्म्याच्या पहिल्या पानाखाली बारीक आकडा असतो, त्यावरून काम आणखी सोपं होतं. प्रस्तावनेची पानं वेगळी मोजा.

मग मधलं पान सपाट उघडून बघा. वाचनालयाच्या पक्क्या बांधणीत आतला समास शिवणीत जातो आणि ओळींची टोकं दिसेनाशी होतात. अशी प्रत फुकट मिळाली तरी वाचवत नाही. कागद ठिसूळ आहे का हे पाहायला कोपरा दुमडू नका, तो तुटून हातात येईल. पान हलकेच उलटताना करकर आवाज येत असेल, कडा तपकिरी असतील, तर त्या पुस्तकाची दुसरी प्रत किंवा स्कॅन शोधा.

एकाच नावाने शोध घेतला

विकिस्रोत, आर्काइव्ह डॉट ऑर्ग आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचं संकेतस्थळ ही पहिली तीन ठिकाणं. शोधात काही येत नाही तेव्हा पुस्तक नसतं असं नाही. नाव निराळं लिहिलेलं असतं. लक्षात, लक्षांत, लक्ष्यांत अशी सगळी रूपं घालून पाहा. रोमन लिपीतली नोंद तर हमखास विस्कटलेली असते, तिथे लेखकाच्या आडनावाने शोधा. पुस्तक नक्की कधीचं याची शंका असेल तर शं. ग. दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ १८०० ते १९३७ पर्यंतचं काम भागवते. स्कॅन उतरवल्याबरोबर मधली पानं चाळा. दोन पानं एकदम उलटली गेल्याने राहिलेल्या जागा सर्रास सापडतात.

मोफत प्रत कायदेशीर आहे का, हे साधारण असं कळतं: लेखकाच्या निधनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं उलटली की मूळ मजकूर खुला. नवी प्रस्तावना, टिपा, अनुवाद यांचा हक्क वेगळा.

मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, पुणे नगर वाचन मंदिर किंवा नाशिकचं सार्वजनिक वाचनालय यांच्यासारख्या जुन्या संस्थांत जाण्याआधी फोन करा. दुर्मीळ प्रत बहुधा घरी देत नाहीत, तिथेच बसून वाचावी लागते. अशा पुस्तकांना यादीत वेगळी खूण करा आणि त्यांचे दिवस आधी राखा.

अनुस्वारांना घाबरून पुस्तक मिटलं

१९६२च्या लेखननियमांपूर्वीच्या छापात ‘कांहीं’, ‘घरीं’, ‘नांव’ असे न उच्चारले जाणारे अनुस्वार भेटतात. उच्चार आजचाच करा. पण त्यांच्याकडे अगदी दुर्लक्षही नको, कारण ते अर्थ सांगतात. ‘ते’ म्हणजे ते पुरुष, ‘तें’ म्हणजे तें घर. लांब वाक्यात सर्वनाम कोणाचं हे त्या टिंबावरून कळतं. पहिली वीस पानं मोठ्याने वाचा, डोळा सरावतो. अडलेल्या शब्दासाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश किंवा दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’, दोन्ही ऑनलाइन आहेत. मात्र प्रकरण संपल्यावरच कोश उघडा. प्रत्येक ओळीला थांबलात तर वाचनाचा अभ्यास होऊन बसतो.

पुस्तकं रणरणत्या उन्हात वाळवली

मेमध्ये धान्याबरोबर पुस्तकंही गच्चीवर टाकतात. कडक उन्हाने आधीच आम्ल झालेला कागद आणखी कडक होतो आणि बांधणीचा गोंद सुटतो. सावलीत, वाऱ्यावर, पानं थोडी विलग करून दोन-तीन तास उभी ठेवा. कसर दिसली तर मऊ ब्रशने झाडा आणि ती प्रत घट्ट बंद पिशवीत इतरांपासून दूर ठेवा. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, काही वर्षांत तिचा पिवळा डाग अक्षरांवर उतरतो. सुटं पान त्याच जागी ठेवून पुस्तकाला सुती फीत बांधा, आणि पहिला पाऊस पडायच्या आत वाचनालयाच्या प्रती परत करा.