कडव्यांची अदलाबदल करताना

एबलटन लाइव्ह या संगीत-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दुसरा अंतरा आधी आणायचा असेल, तर आधी प्रकल्पाची प्रत वेगळ्या नावाने जतन करावी आणि मग एकेक ट्रॅक सरकवत बसण्याऐवजी अंतऱ्याची मापे (बार) निवडून ‘कट टाइम’ व नव्या जागी ‘पेस्ट टाइम’ ही आज्ञा द्यावी, म्हणजे सर्व ट्रॅक ऑटोमेशनसह (आवाजाची पातळी वगैरेंच्या नोंदवलेल्या बदलांसह) एकत्र हलतात. खरी गोम सांध्यांत असते. गायक पुष्कळदा समेच्या (पहिल्या मात्रेच्या) आधी अर्धी-एक मात्रा शब्द उचलतो, त्यामुळे मापाच्या रेषेवर काप घेतल्यास पहिले अक्षर मागेच राहते. अशा वेळी क्लिपची (ट्रॅकवरील ध्वनीच्या तुकड्याची) डावी कड ओढून ते परत मिळवावे. तानपुऱ्याच्या जोडावर मात्र छोटा क्रॉसफेड (एक आवाज विरताना दुसरा वाढत जाणारा जोड) द्यावाच लागतो.