स्वयंपाकाचा क्लास लावताना

भारतीय स्वयंपाकाचा क्लास लावण्याआधी एवढंच विचारा: शेगडीपाशी आपण उभं राहायचं की नुसतं बघायचं? एका शेगडीमागे दोन-तीन जण असतील तरच हात बसतो. छापील कृती मिळतेच. वहीत आच, रंग, वास टिपा.

फोडणी पहिल्याच दिवशी स्वतः करा. चौघांच्या वरणाला 2 चमचे तेल. मोहरीचा एक दाणा टाकून बघा, लगेच तडतडला तरच बाकीची घाला. कोमट तेलातली मोहरी कच्ची राहून दाताखाली कडवट लागते. तडतड ओसरली की जिरं, मग आच मंद करून हिंग, शेवटी हळद. हळद काळी पडली तर फोडणी सरळ टाकून द्या, वरणात ढकलू नका.

शिकवणारे ‘अंदाजे’ म्हणाले, तर त्यांची मूठ वजनकाट्यावर रिकामी करायला सांगा.