शुद्धलेखन हाताने शिकवताना: सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी काही कृती

मराठी बोलताना ऱ्हस्व-दीर्घातील फरक कानाला फारसा जाणवत नाही, त्यामुळे नुसते ऐकून लिहिणारे मूल ‘पेरु’ लिहिते, यात त्याचा दोष नसतो. सोलापुरात तर अनेक घरांत तेलुगू किंवा कन्नड बोलली जाते आणि लेखी मराठीशी ओळख शाळेतच होते. जे कानाला उमगत नाही ते हाताकडून शिकवावे.

प्रथम परातीत ज्वारीचे पीठ पातळ पसरावे. आपण शब्द सावकाश म्हणावा आणि मुलाने तो स्वतः उच्चारत बोटाने लिहावा. पहिली वेलांटी अक्षराच्या डाव्या बाजूला आणि दुसरी उजव्या बाजूला येते, हे गिरवताना बोटाला कळते. आधी म्हणून मग लिहिल्यास निम्मा उपयोग वाया जातो. चुकल्यास परात हलवून पीठ सपाट करावे. सुरुवातीला चटणी, भाकरी, लाडू, पेरू असे शब्द घ्यावेत, कारण मराठी शब्दांच्या शेवटी येणारा इकार-उकार बहुधा दीर्घ असतो. ‘आणि’ हा अपवाद मात्र वेगळ्या चिठ्ठीवर लिहून भिंतीवर लावावा.

दुसरी कृती गावाच्या नावावरच करता येते. ‘सोलापूर’ म्हणताना मुलाने ‘पू’वर दोन्ही हात फैलावावेत, ‘सोलापुरात’ म्हणताना ‘पु’वर ते जवळ घ्यावेत आणि ‘पूर’ची चिठ्ठी काढून ‘पुरात’ची ठेवावी. पंढरपूर-पंढरपुरात, फूल-फुलाला, वीट-विटेला, तूप-तुपात या जोड्या अशाच खेळता येतात. प्रत्यय लागताच दीर्घ अक्षर ऱ्हस्व होते, हा नियम पाठ करून घेण्याची या वयात गरज नाही. गुण, विष यांसारखे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या खेळात घेऊ नयेत. त्यांत मुळातच ऱ्हस्व असल्याने मूल गोंधळते.

जोडाक्षरांसाठी जाड कागदावर प, त, न, स ही अक्षरे मोठी लिहावीत. उजवीकडचा दंड मागे दुमडला की अर्धे अक्षर तयार होते आणि ते पुढच्या अक्षराला भिडवून ‘चप्पल’, ‘पत्ता’ बनवता येतात. ‘ड’ला असा दंड नसतो, म्हणून ‘गड्डा’ करताना एका ‘ड’खाली दुसरा ‘ड’ ठेवावा. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेमुळे हा शब्द येथील मुलांच्या ओळखीचाच असतो.

एका बैठकीत चार-पाच शब्द पुरेत. तेच शब्द दुसऱ्या दिवशी वहीत, न पाहता लिहून घ्यावेत आणि जो चुकेल तेवढाच पुन्हा पिठात गिरवावा.