मोडी रुमाल वाचताना या चुका टाळा

जुन्या देशमुख-इनामदार घराण्यांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडायला बसलेल्या नवख्यांच्या हातून त्याच त्या चुका होताना मी बरीच वर्षं बघतोय. मोडी अक्षर लागायला लागलं की दफ्तर वाचता आलं, असं त्यांना वाटतं. दोन्हींत फार अंतर आहे.

सर्वांत वाईट चूक 'कुणबीण' या शब्दाची. कुणब्याची बायको असा अर्थ धरून लोक पुढे सरकतात. पेशवाईतल्या आणि त्यानंतरच्या घराण्यांच्या हिशेबांत मात्र हा शब्द पुष्कळदा विकत घेतलेल्या, आंदण दिलेल्या किंवा वाटणीत आलेल्या गुलाम बाईसाठी येतो. 'बटीक' हा शब्दही तसाच.

एका हुशार मुलाने साताऱ्याकडच्या एका घराण्याचं शके १७५० (इ.स. १८२८-२९) चं वाटणीपत्र लिप्यंतर करून आणलं. त्यात 'कुणबीण १' ही नोंद त्याने शेतमजुरीच्या खर्चात टाकली होती आणि पुढचा आकडा मजुरी म्हणून धरला होता. मी मूळ कागद मागवला. म्हैस वासरासुद्धा १, बैल २, तांब्याचं घंगाळ १, आणि त्याखाली कुणबीण १, तिचं नाव, उमर वर्षे १२. आकडा किमतीचा होता. ती बारा वर्षांची पोर घंगाळाखालच्या ओळीत धाकट्या भावाच्या वाट्याला गेली होती. मुलाने घाईत शब्दकोशातला पहिला अर्थ उचलला आणि एक माणूस कागदावरून पुसलं गेलं.

तेव्हापासून मी अशा शब्दाच्या वरच्या दहा आणि खालच्या दहा ओळी वाचल्याशिवाय अर्थ लिहीत नाही. शिवाय 'बिन' किंवा 'कोम' शोधतो. अमक्याचा मुलगा म्हणजे 'बिन', अमक्याची बायको म्हणजे 'कोम'. त्या पोरीपुढे दोन्ही नव्हतं, गावही नव्हतं. नुसतं नाव, वय, किंमत.

दुसरी चूक उभ्या रेघांची. आकड्यानंतरची एक रेघ पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. २५॥। म्हणजे पावणेसव्वीस. टंकताना लोक त्यांना दंड समजून गाळतात, मग बेरीज जुळत नाही आणि कारकुनाला दोष देतात. 'रा॥' मधल्या रेघा मात्र संक्षेपाच्या, तिथे 'राजश्री' वाचायचं. मी प्रत्येक पानाची बेरीज पुन्हा करतो. जुळली नाही तर चूक बहुधा माझ्या वाचण्यात सापडते.

तारखेतला 'छ' हा सहा नव्हे, चंद्र, म्हणजे मुसलमानी महिन्याची तारीख. सुहूर सन ही या कागदांतली जुनी कालगणना मृगाला बदलते, म्हणून इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. फसली या महसुली सनाला तसेच ५९० आणि ५९१.

चांदवडी आणि अंकुशी ही वेगवेगळी नाणी, त्यांचे रुपये एका बेरजेत घालू नका, बट्टा (बदलताना होणारी वजावट) वेगळा असतो.

इनामांचे हक्क तपासणाऱ्या इंग्रजी अमलातल्या इनाम कमिशनपुढे दिलेली कैफियत हक्क राखण्यासाठी लिहिलेली असते, तिच्यावर एकटीवर विसंबू नका.

रुमालातले कागद सालवार लावू नका. बांधणीचा क्रम हाच पुरावा असतो, एकदा मोडला की परत मिळत नाही. आणि फाटक्या कागदाला सेलोटेप लावणाऱ्याच्या हातात मी पुन्हा रुमाल देत नाही.

राहिली १८४३ च्या गुलामीविषयक कायद्याची चूक. 'गुलामी तेव्हाच संपली, पुढचं कशाला बघायचं?' असं विचारणारे दरवर्षी भेटतात. त्या कायद्याने गुलामावरच्या मालकीहक्काला कचेरीत आणि कोर्टात मान्यता राहिली नाही, मुख्यतः इतकंच. गुलाम म्हणून माणसाची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरला तो १८६० च्या दंडसंहितेने, आणि ती लागू झाली १८६२ मध्ये. मधल्या काळात शब्द बदलतात, म्हणून शब्दाचा नाही, नावाचा माग काढा. त्याच धाकट्या भावाच्या शके १७७० (इ.स. १८४८-४९) च्या रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, ते नाव मला पुन्हा भेटलं. आता 'कुणबीण' नाही, नुसतं 'बाई'. दिवाळीस लुगडे १. पोटास जोंधळे. रोख रकान्यात वर्षभर काहीच नाही.