हवाई हल्ल्याचा कायदा शिकताना: मृतांचा आकडा शेवटी लिहा

माझं पहिलं मूट कोर्ट, म्हणजे कायद्याच्या विद्यार्थ्यांचा सरावाचा खटला, वीस मिनिटांचं होतं, पण पाचव्या मिनिटालाच माझा निकाल लागला. काल्पनिक प्रकरण, दाट वस्तीवर पडलेला बॉम्ब. मी तावातावाने म्हणालो, "शंभरावर निष्पाप नागरिक मेले. युद्धगुन्ह्याला आणखी काय पुरावा हवा?" न्यायाधीशांच्या खुर्चीतल्या बाईंनी शांतपणे विचारलं, "हल्ल्याचा हुकूम देणाऱ्याला तेव्हा काय माहीत होतं?" माझी फाइल ढिगाऱ्याच्या फोटोंनी भरलेली होती. या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं.

या विषयात नव्याने येणारा जवळजवळ प्रत्येक जण हीच चूक करतो. आपण ढिगाऱ्यापासून सुरुवात करून मागे जातो. कायदा मात्र हल्ल्याआधीच्या टेबलापाशी उभा असतो. युद्धाचे नियम सांगणाऱ्या जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलचं ५१ वं कलम नीट वाचा. नागरी हानी 'किती झाली' असं ते विचारत नाही. ती किती होईल असं दिसत होतं, आणि अपेक्षित असलेल्या ठोस, थेट लष्करी फायद्याच्या मानाने ती अवाजवी होती का, हे विचारतं. मला हे पहिल्यांदा निर्दयी वाटलं होतं. अजूनही कधीकधी वाटतं.

तेव्हापासून नवख्यांना मी एकच प्रकरण आधी वाचायला सांगतो: इराकच्या मोसुल शहरातलं अल-जदीदा, १७ मार्च २०१७. इस्लामिक स्टेटचे दोन स्नायपर एका घराच्या वरच्या बाजूने इराकी सैन्यावर गोळ्या झाडत होते. अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या आघाडीच्या विमानाने त्यांच्यावर एक जीपीएसवर चालणारा ५०० पौंडांचा बॉम्ब टाकला. घर कोसळलं. आत आसऱ्याला आलेली कुटुंबं होती. अमेरिकी लष्कराच्याच चौकशीने किमान १०५ नागरिक मेल्याचं मान्य केलं.

आता फाइल उघडा आणि दोन रकाने पाडा: 'माहीत होतं' आणि 'माहीत करून घेता आलं असतं'. चौकशी म्हणते, आत नागरिक आहेत हे ठाऊक नव्हतं. हवामान खराब असल्याने आधीचे दोन दिवस वरून टेहळणी झाली नव्हती. शिवाय बॉम्बमुळे घरात आधीच पेरून ठेवलेली स्फोटकं फुटली, म्हणून इमारत पडली. अनेक स्थानिकांनी हे स्फोटकांचं म्हणणं फेटाळलं. नवखा इथेच अडकतो. कोण खरं बोलतंय यावर चार पानं खर्च करतो. त्याच प्रोटोकॉलचं ५७ वं कलम वेगळ्याच ठिकाणी बोट ठेवतं: शक्य ती सगळी खातरजमा करा, आणि हानी कमीत कमी होईल असं शस्त्र व पद्धत निवडा. मोसुलच्या लढाईत इराकी सरकारनेच पत्रकं टाकून लोकांना घरात थांबायला सांगितलं होतं. मग घर रिकामं असेल असं गृहीत धरणं कितपत वाजवी? टेहळणी बंद असताना, वरच्या बाजूच्या दोन माणसांसाठी याहून लहान शस्त्र किंवा थोडी वाट बघणं शक्य होतं का? तुमचा खरा युक्तिवाद इथून सुरू होतो, आणि तो दोन्ही बाजूंनी करून बघा. अतिरेक्यांनी लोकांचा ढालीसारखा वापर केला, या मुद्द्याने हल्ला करणाऱ्याची जबाबदारी संपत नाही. तसं ५१ व्या कलमातच लिहिलं आहे.

एक सापळा सांगून ठेवतो. मी मोठ्या ऐटीत प्रोटोकॉलची कलमं फेकली होती. पण तो प्रोटोकॉल मुख्यतः राज्या-राज्यांमधल्या युद्धांसाठी आहे. मोसुलचा लढा एका राज्याविरुद्ध दुसऱ्या राज्याचा नव्हता, आणि अमेरिकेने तो प्रोटोकॉल मंजूरही केलेला नाही. म्हणजे तीच तत्त्वं रूढ कायद्यातून, म्हणजे राज्यांच्या प्रथेतून बनलेल्या आणि करार नसतानाही लागू होणाऱ्या नियमांतून, सिद्ध करावी लागतात. त्यासाठी रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीचा २००५ चा अभ्यास आहे. त्यात १६१ नियम आहेत आणि तो इंटरनेटवर फुकट वाचता येतो. भारतही या प्रोटोकॉलचा पक्षकार नाही. आपल्याकडे १९४९ चे चार जिनिव्हा करार आणि १९६० चा जिनिव्हा करार कायदा. मुलाखतीत हे हमखास विचारतात.

दुसरं प्रकरण अफगाणिस्तानातल्या कुंदुझचं, ३ ऑक्टोबर २०१५. अमेरिकी गनशिपने, म्हणजे तोफा बसवलेल्या विमानाने, डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्सच्या रुग्णालयावर मारा केला, ४२ जण गेले. रुग्णालयाचे अक्षांश-रेखांश आधीच कळवलेले होते. विमानाला दिलेले आकडे रिकाम्या जागेवर पडत होते, मग नुसत्या वर्णनावरून 'तीच इमारत' ठरवली गेली. सोळा जणांवर प्रशासकीय कारवाई झाली, फौजदारी खटला एकावरही नाही. 'माहीत होतं'चा रकाना भरलेला असूनही ती माहिती गोळीबार करणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही म्हणजे काय, ते इथे कळतं.

शिकायचं कुठे? दिल्लीतल्या इंडियन सोसायटी ऑफ इंटरनॅशनल लॉमध्ये मानवी हक्क, मानवतावादी आणि निर्वासित कायद्याचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. मूट कोर्टं भरपूर, ती करा. पण कायद्याइतकंच थोडं शस्त्रशास्त्र, नकाशे आणि उपग्रहचित्रं वाचायला शिका. मी मराठी माध्यमातला, इंग्रजीची धास्ती होती. प्रत्यक्षात अडलं ते बॉम्बच्या फ्यूजपाशी, म्हणजे तो कधी फुटायचा हे ठरवणाऱ्या भागापाशी. फ्यूज उशिरा फुटणारा असेल तर स्फोट छपरावर होतो की खालच्या मजल्यावर, यावर अर्धी केस फिरते. अरबी येत असेल तर उत्तमच. नोकऱ्या कमी आहेत, सुरुवातीचं काम बहुतेक बिनपगारी, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

आणि मेमोरियलमध्ये, म्हणजे मूट कोर्टाच्या लेखी युक्तिवादात, 'निष्पाप' हा शब्द लिहू नका. कायद्याच्या लेखी माणूस नागरिक असतो किंवा लढवय्या. संरक्षण मिळवायला नागरिकाला निष्पाप असल्याचं सिद्ध करावं लागत नाही, आणि तसं लिहून आपणच ती अट घालून बसतो.

हल्ल्यांचे व्हिडिओ मी आता आवाज बंद करून बघतो. एकदाच चालू करतो, हेडफोन लावून, डोळे मिटून. धमाका एक झाला की लागोपाठ दोन, हे स्क्रीनवर दिसत नाही, ऐकूच यावं लागतं. त्यात माणसांचे आवाजही येतात. मी घड्याळाकडे बघून सेकंद लिहितो आणि पुन्हा आवाज बंद करतो.