वेट प्लेट पोर्ट्रेट: खान्देशच्या उन्हात या चुका टाळा

वेट प्लेट म्हणजे काचेवर किंवा पत्र्यावर कलोडियन नावाचा चिकट द्रव ओतून, सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात (बाथमध्ये) बुडवून, प्लेट ओली असतानाच फोटो काढायची जुनी पद्धत. पहिल्या उन्हाळ्यात माझ्या सगळ्या प्लेटा धुरकट निघाल्या. केमिकलवाल्याला शिव्या घातल्या, सिल्व्हर नायट्रेटचं बाथ दोनदा बदललं. शेवटी डेव्हलपरच्या (प्लेटेवर चित्र उमटवणाऱ्या द्रावणाच्या) बाटलीत थर्मामीटर बुडवला, तर पारा ३६ वर. मी वापरत होतो ती कृती होती २० अंशांची. केमिकलवाल्याचा काही दोष नव्हता.

फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये कलोडियनची ही पद्धत जाहीर केली ती इंग्लंडात. जळगाव-भुसावळचा मे महिना त्यांच्या हिशेबात कुठून असणार? आपल्याकडे बिघडलेल्या प्लेटेचं कारण शोधायचं तर केमिकलच्या आधी तापमान बघा.

आधी प्लेट, मग पगडी

सर्वात जास्त प्लेटा या चुकीने जातात. कलोडियन ओतून झालं, प्लेट बाथमधून निघाली, आणि मग लक्षात येतं की आजोबांची पगडी तिरकी बसली आहे. तोवर कडा सुकायला लागतात. प्लेट ओली आहे तोवरच तिचं काम. थंड हवेत दहा-पंधरा मिनिटं मिळतात. आपल्याकडे मार्चनंतर मी चार-पाचच धरतो. म्हणून माणूस बसवा, कपडे नीट करा, फोकस घ्या, डोक्याला टेकू लावा, एकदा कोरडी तालीमही करा. मगच बाटली उघडा.

कलोडियनमधलं ईथर साधारण ३५ अंशांना उकळतं. पत्र्याच्या शेडमध्ये बाटली उघडलीत तर ईथर उडून कलोडियन दाट होतं आणि प्लेटेवर लाटा उमटतात. धाब्याच्या घरातली आतली खोली डार्करूमला उत्तम. मातीचं छत ऊन आत येऊ देत नाही. ओतल्यावर किती सेकंद थांबायचं हे घड्याळाला विचारू नका. कोपऱ्याला बोट लावा: ठसा उमटला पाहिजे, पण धागा सुटता कामा नये. मग बाथमध्ये तीन-चार मिनिटं. ज्या कोपऱ्यातून जादा कलोडियन बाटलीत परत ओतलं, तो कोपरा होल्डरमध्ये (प्लेट कॅमेऱ्यात बसवायच्या चौकटीत) खाली ठेवा आणि होल्डरवर ओलं फडकं टाका.

डेव्हलपरची बाटली माठाच्या पाण्यात ठेवून २०–२२ अंशांवर आणा. तेवढी थंड झाली नाही तर डेव्हलपरमधलं फेरस सल्फेट कमी करा आणि ॲसेटिक ॲसिड थोडं वाढवा. फोटो घेतल्यावर डेव्हलपर एका झटक्यात, न थांबता, पूर्ण प्लेटेवर फिरवा. हात अडखळला की तिथे रेघ पडते. पंधरा सेकंदांच्या आसपास चेहरा दिसायला लागतो. सावलीतला तपशीलही यावा म्हणून वाट बघत बसलात तर धूर चढलाच. डेव्हलपर तेलकटासारखा फुटून पळत असेल तर जुन्या बाथमध्ये प्लेटांवरचं अल्कोहोल साचलेलं असतं. अशा वेळी डेव्हलपरमध्ये थोडं अल्कोहोल वाढवा.

फ्रिज आणि उदबत्ती

गारव्यासाठी कलोडियन घरच्या फ्रिजमध्ये ठेवणारे मी पाहिले आहेत. ठेवू नका. ईथरची वाफ आत साचते आणि थर्मोस्टॅटची एक ठिणगी पुरते. ही वाफ हवेपेक्षा जड, जमिनीवरून सरकत जाते. कामाच्या खोलीत गॅस, दिवा, उदबत्ती काही नको. सिल्व्हर नायट्रेट बोटाला लागलं तर काळे डाग पडतात आणि काही दिवसांनी जातात. डोळ्यात गेलं तर डोळा जाऊ शकतो. चष्मा घाला. फिक्सरला, म्हणजे चित्र पक्कं करायला, हायपो (सोडियम थायोसल्फेट) पुरे, सायनाइडच्या वाटेला जाऊ नका.

ठिपके, शेपट्या, दुधाळ पाणी

प्लेटेवर धूमकेतूसारख्या शेपट्या दिसल्या की समजा धूळ. खान्देशात हिवाळ्यात ती नुसती धूळ नसते, कापसाचे तंतू असतात. गावात जिनिंग असेल तर विचारायलाच नको. बाथ गाळून घ्या, कलोडियन हलवल्याबरोबर ओतू नका, खोलीत पाणी शिंपडा. कडेकडेने शिंपल्यासारखे करडे डाग येत असतील तर बाथमधून काढल्यावर प्लेटेची पाठ आणि कडा पुसायला तुम्ही विसरता आहात, किंवा होल्डर घाणेरडा आहे. बाथ बोअरच्या पाण्यात केलं तर ते दुधाळ होतं: पाण्यातल्या क्षारांचं सिल्व्हर क्लोराइड बनतं. डिस्टिल्ड वॉटरच वापरा. धुताना पापुद्रा सुटत असेल तर काच खडूच्या पुडीने आणि अल्कोहोलने पुन्हा घासा, कडा खरखरीत करून घ्या, नाहीतर कडांना अंड्याचा पांढरा बलक लावा.

कुंकू काळं होतं

आता माझा आवडता भाग. जुन्या काळाचं दृश्य उभं करायचं म्हणून आपण लाल पागोटं, पिवळा शालू, ठसठशीत कुंकू गोळा करतो. कलोडियनला दिसतो फक्त निळा-जांभळा प्रकाश आणि अतिनील किरणं. लाल पागोटं काळं, हळदीचा पिवळा जवळपास काळा, कुंकू म्हणजे कपाळाला पडलेलं भोक, आणि आभाळी निळी पैठणी पांढरी फटक. उन्हात राबलेली त्वचा खऱ्यापेक्षा गडद आणि डागाळलेली दिसते, म्हणून चेहऱ्यासाठी एक्स्पोजर (प्लेटेवर प्रकाश पडू देण्याचा वेळ) वाढवावं लागतं. आणि त्यात शुभ्र धोतर फोटोत पेटल्यासारखं पांढरं होतं. धोतर चहाच्या पाण्यातून काढा. कुठलाही पोशाख आधी मोबाईलवर टिपा आणि एडिटिंगमध्ये फक्त निळा चॅनेल बघा. हुबेहूब नाही, पण अंदाज येतो.

दृश्य रचण्याचा धीर शिकायचा तर चाळीसगावात छायाचित्रकार केकी मूस यांची टेबल-टॉप छायाचित्रं बघून या. टेबलावर मांडलेल्या वस्तूंतून त्यांनी अख्खे देखावे उभे केले.

आणखी एक: टिनटाईप (पत्र्यावर काढलेला फोटो) आरशासारखा उलटा येतो. नथ उजवीकडे, पदर उजव्या खांद्यावर, पाटीवरची अक्षरं उलटी. घरातल्या बाया हे पहिल्या नजरेत पकडतात. काचेवर अँब्रोटाईप केलात तर काळा रंग कलोडियनच्या बाजूला लावून काचेतून बघता येतं, सगळं सरळ दिसतं.

"हलू नका" म्हणणं पुरत नाही

दिवाळी ते महाशिवरात्र हा आपला हंगाम. पण थंडीतल्या कोवळ्या उन्हात अतिनील किरणं कमी, त्यामुळे एक्स्पोजर दहा सेकंदांवरही जातं. नऊ-दहा वाजता ओसरीवर, तोंड मोकळ्या आभाळाकडे करून बसवा. कडक उन्हात नको, डोळे मिटतात. डोक्यामागे टेकू हवाच. माझा प्लंबरने लोखंडी पाइपाचा बनवून दिलेला आहे. पापणी लवली तरी चालते, ती उमटत नाही. "डोळे मिटू नका" सांगितलंत तर डोळ्यांत पाणी येतं आणि माणूस घाबरल्यासारखा दिसतो. त्याला बघायला एक खूण द्या, नजर तिथून हलू नये एवढंच. टेकू न लावता बसवलेल्या एका बाबांना त्यांची दोन नाकांची प्लेट दाखवली, तर म्हणाले, "मी हालनूच नही भाऊ." खरं असावं. ते श्वास घेत होते.

शेवटची चूक वार्निशची. सँडरॅक डिंक, अल्कोहोल आणि लव्हेंडर तेलाचं हे वार्निश अल्कोहोलने जास्त कडक झालं तर चित्रच विरघळवून नेतं, आणि मग दिवसभराची मेहनत बोटांवर येते. आधी टाकाऊ प्लेटेवर ओतून बघा. माझ्या पहिल्या उन्हाळ्याच्या त्या धुरकट प्लेटा मी अजून याच कामाला वापरतो; बऱ्याच शिल्लक आहेत.